निळ्या पिंपातला गाळ

चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाला दोष द्यायचा याचा शोध घेत बसायला नको. दवाखान्याचं काही चुकलं नाही, माशांचं तर नाहीच नाही. मी रावसाहेब लोहार, राहणार उचगाव, सदतीस वर्षं फौंड्रीच्या मशीनशॉपमध्ये फिटर. माझ्या हाताखालच्या मशीनवर ग्रीसचा एक डाग राहिलेला कुणी दाखवावा. या एका गुणाचा मला फार गर्व होता, आणि त्याच गुणापायी मी माझ्या बायकोला स्वतःच्या हातानं मरणाच्या दारात नेऊन ठेवलं.

शालनचं दुखणं तीन वर्षांपूर्वी कळलं. आधी तिनं चहात मीठ घातलं, तेव्हा मी हसलो. मग तिचे हात थरथरायला लागले. मग एक दिवस दळण घेऊन येताना ती आमच्याच दारासमोर थांबली आणि शेजारणीला विचारू लागली, "लोहारांचं घर कुटलं ओ?" त्या दिवशी माझं हसू आटलं. आम्हाला मूलबाळ नाही. त्या घरात ती मला ओळखायची आणि मी तिला, एवढंच आमचं गणगोत.

दवाखान्यातल्या गुंडे मॅडमनी आम्हाला कागदावर चित्र काढून समजावलं. वय जेमतेम पंचवीस-सव्वीस, पण समजावण्याची हातोटी जुन्या मास्तरांची. आपण डाळ, दूध, अंडी खातो. त्यातून आतड्यात थोडा अमोनिया तयार होतोच. मुतारीत नाकाला झोंबतो तोच. यकृत त्याचा युरिया करून लघवीवाटे बाहेर घालवतं. हे काम करणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, शालनच्या यकृतात जन्मापासूनच तोकडं होतं. तरुणपणी निभावलं, साठीकडं झुकताना निभेना. असा अडलेला अमोनिया रक्तातून मेंदूत चढतो. मग माणूस आधी विसरतो, मग झोपतो, मग उठत नाही.

"औषध आहे काका," मॅडम म्हणाल्या, "पण ते बाटलीत मिळत नाही. ते तुम्हाला पिकवावं लागेल."

औषध म्हणजे चाकवत. आपण ताकातली पातळ भाजी करतो तोच, फक्त त्याच्या पेशींत शास्त्रज्ञांनी एका जिवाणूचा गुण उचलून घातलेला. त्या पानात असं एक विकर तयार होतं, की ते आतड्यातच अमोनियाला धरून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही. रोज चाळीस पानं, कच्ची, चावून खायची. शिजवली की विकर मेलं. आणि पान देठापासून तुटलं, की पानातलेच रस त्या विकराला खाऊ लागतात. अर्ध्या तासात काही उरत नाही. म्हणून त्याची गोळी होत नाही, भुकटी होत नाही, ते गाडीत घालून दुसऱ्या गावाला पाठवता येत नाही. रोप मुळासकट हलवलं तर रुसतं आणि पंधरा दिवस नुसतं हिरवं राहतं. ज्याला खायचंय त्याच्याच घरामागच्या परड्यात ते वाढलं पाहिजे. मातीत लावायला बंदी, कारण त्याचं बी रानात उडून गेलं तर काय होईल, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. खत घातलेल्या पाण्यावर लावून बघितलं, तर पान टवटवीत पण आत रिकामं. माशांच्या पाण्यावर लावलं तेव्हा पान भरलं. असं का, ते शास्त्रज्ञांनाही अजून पुरतं उमगलेलं नाही. मुळांचं आणि पाण्यातल्या जिवाणूंचं आपसात काहीतरी ठरलेलं असावं.

"कच्चा चाकवत?" शालन म्हणाली. "शेळी हाय व्हय मी?"

दवाखान्यानं आमच्या परड्यात जाळीची खोली उभी केली. आत हजार लिटरची टाकी, तिच्यात साठ चिलापी मासे, शेजारी एक निळं पिंप, आणि पुढं खडीनं भरलेले दोन लांब वाफे. टाकीतलं पाणी पंपानं पिंपात जायचं, पिंपातून वाफ्यात, वाफ्यातून परत टाकीत. हे सगळं शिकायला आठ दिवस दवाखान्यामागच्या शेडमध्ये जायचं होतं. पंप, पाइप, व्हॉल्व यात मला कोण काय शिकवणार? पहिल्याच दिवशी मी मॅडमच्या पंपाचा आवाज ऐकून बेअरिंग गेलंय म्हणून सांगितलं, आणि ते गेलेलं निघालं. त्यानंतर माझी मान जी ताठ झाली ती झालीच.

पिंपाबद्दल मॅडम काय म्हणाल्या ते माझ्या वहीत अजून आहे. मासे अमोनिया सोडतात. तो साठला तर मासे आपल्याच घाणीनं मरतात. पिंपात प्लॅस्टिकच्या चकत्या आणि स्पंज आहेत, त्यांच्यावर दोन जातींचे जिवाणू राहतात. पहिली जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी त्याचं नायट्रेट करते, ते चाकवत पितो, आणि पाणी साफ होऊन माशांकडं परत येतं. "ताईंचं यकृत जे करत नाही, ते हे पिंप टाकीसाठी करतं," त्या म्हणाल्या. "पिंपातला तपकिरी चिकट गाळ दिसतो ना, तो जिवंत आहे. त्याला नळाचं पाणी लावायचं नाही. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं." मी लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. पण लिहिणारा हात फिटरचा होता, आणि फिल्टर म्हणजे साफ करायची वस्तू, हे त्या हाताला सदतीस वर्षं पाठ होतं.

त्या शेडमध्ये आमच्याबरोबर वडणग्याच्या जैबून बागवान होत्या. भाजीचा धंदा करणारी बाई, साठीच्या पुढची. त्यांच्या नवऱ्याला, दस्तगीरना, शालनसारखंच दुखणं. शेडमधल्या जैबूनभाभींच्या वाट्याच्या पिंपाला कायम काळाकुट्ट गाळ आणि वर शेवाळाची साय. मला बघवायचं नाही.

"भाभी, पिंपाला कधी आंघोळ घालत जावा," मी सगळ्यांसमोर म्हटलं. "वास मारतोय."

"त्याला थंडी वाजती भाऊ," त्या म्हणाल्या आणि मासे मोजू लागल्या. लोक हसले. मला वाटलं, माझ्या बोलण्याला हसले.

पानं सुरू झाली, पण पहिल्या महिन्यात शालनच्या रक्तातला अमोनिया उतरेना. दवाखान्यानं दिलेल्या तपासणीच्या पट्टीवर पान चिरडलं की पट्टी निळीशार व्हायची, म्हणजे विकर होतं. मॅडमनी खोदून विचारलं तेव्हा भानगड कळली. मी तेव्हा कामावर होतो, फर्स्ट शिफ्ट करून साडेतीनला घरी यायचो. शालन दुपारी एकला पानं तोडायची, ताटलीत घालून वर दुसरी ताटली झाकायची आणि माझी वाट बघत बसायची. मी जेवलो की मग ती खायची.

मी खूप बोललो. ती ऐकून घेऊन म्हणाली, "तुमच्या आदी खायाचं? लगीन झाल्यापास्नं कदी खाल्लंय मी?"

मला तेव्हा खरंच पहिल्यांदा कळलं, की तिनं कधीच खाल्लं नव्हतं. मी पाहिलंच नव्हतं कधी. शेवटी तडजोड झाली. मी आल्यावर ताटावर बसायचं, एक घास खायचा, तेवढ्यात तिनं परड्यातून पानं तोडून आणायची आणि माझ्यासमोर चावायची. महिन्याभरात तिची थरथर गेली. वर्षभरात ती मला जुने हिशेबही ऐकवू लागली, कुणाच्या लग्नात मी काय बोललो होतो ते. मी रिटायर झालो तरी आमचं ताट साडेतीनलाच मांडलं जायचं. अशी दोन वर्षं सुखात गेली.

मग यंदाची खंडेनवमी आली.

आमची जात लोहाराची. त्या दिवशी हत्यारं धुऊन-पुसून मांडायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा, आणि दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. मशीनशॉपमध्ये आम्ही लेथला रॉकेलनं आंघोळ घालायचो. वर्षभर राबते बिचारी, एक दिवस तिचा. रिटायर झाल्यावर माझ्याकडं पूजायला उरलं काय? नटबोल्टचे पान्हे, हातोडी आणि ही टाकी. माझ्या बायकोला जगवणारं यंत्र, आणि त्याचा पंप बंद न करता, त्याला गाळात बरबटलेलं ठेवून मी त्याला हार घालू? माझ्या मनाला पटेना. शिवाय पिंपातून पाणी जरा हळू येत होतं, आणि हे माझ्यातल्या फिटरला दोन आठवडे खुपत होतं.

सकाळी मी पंप बंद केला. पिंप उघडलं, चकत्या आणि स्पंज बाहेर काढले. क्लोरिनचं मला आठवत होतं, विसरलो नव्हतो. म्हणून मी डोकं चालवलं. नळाखाली सगळं ब्रशनं घासलं, पांढरं शुभ्र केलं, आणि क्लोरिन उडून जावं म्हणून दिवसभर पत्र्यावर उन्हात वाळवलं. ऑक्टोबरचं ऊन ते. शालन दारात उभी राहून म्हणाली, "मॅडमनी धुवायला सांगितलं न्हवतं न्हवं?"

"नळाच्या पाण्याचं म्हणाल्या होत्या," मी सांगितलं. "क्लोरिन राहूच देत नाही मी त्यात."

तिला माझ्या हातांवर विश्वास होता. तिनं आत जाऊन हळदकुंकवाचं ताट आणलं. आम्ही पिंपाला पाच बोटं ओढली, हार घातला, नारळ फोडला. पंप दसऱ्याच्या संध्याकाळी सुरू केला. पिंप असं चकचकीत दिसत होतं, की मी शेजाऱ्याला बोलावून दाखवलं.

दसऱ्यानंतर दुसऱ्या दिवशी मासे पाण्याच्या वर तोंड काढून हवा गिळू लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी एकोणपन्नास मासे पोट वर करून तरंगत होते. मी पाणी तपासायची पट्टी टाकीत बुडवली. अमोनियाचा रंग एवढा गडद होता, की डबीवरच्या तक्त्यात तो नव्हताच. पंप बंद असताना चाकवत उन्हानं मान टाकून आता पुन्हा उभा राहिला होता, हिरवागार. मी एक पान चिरडून पट्टीवर लावलं. पट्टी पांढरीच राहिली. दुसरं लावलं. दहा पानं लावली.

गुंडे मॅडमना फोन केला. माशांचं आणि पट्टीचं सांगितलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "काका, तुम्ही पिंप धुतलंत?"

"साफ केलं."

"वाळवलंतसुद्धा?"

"दिवसभर," मी म्हटलं. मी टाकीचं यकृत काढून, नळाखाली घासून, पत्र्यावर वाळत घातलं होतं आणि वर त्याला हार घातला होता.

नवे जिवाणू आपोआप धरायला सहा आठवडे लागतात. तोवर शालनला जुनं औषध, जुलाबाचं गोड सिरप आणि नुसता भात. त्यावर ती आठ दिवस निघेल, फार तर दहा. दवाखान्यातल्या वाफ्यांवर सात रोगी पोसले जातात आणि सातही खाटा भरलेल्या, तिथल्या पिंपाला हात लावता येत नव्हता. "एकच मार्ग आहे," मॅडम म्हणाल्या. "चालू पिंपातला जिवंत गाळ आणून तुमच्या पिंपात घालायचा. थोडाथोडका नाही, निम्मा. मग सहा-सात दिवसांत पान भरेल. पण देणाऱ्याचं पिंप तेवढे दिवस अर्ध्यावर येईल. मी कुणाला 'द्या' म्हणून सांगू शकत नाही, काका. तुम्हीच विचारा."

आमच्या भागात दवाखान्याबाहेर चालू पिंप एकच होतं. वडणग्यातलं.

मी गेलो तेव्हा जैबूनभाभी माशांना खाणं टाकत होत्या. पाणी हिरवट, पिंप काळं, मासे हाताएवढे.

"या लोहारभाऊ. वाट चुकलायसा?"

"भाभी, माझं पिंप मेलं."

त्यांनी खाण्याचा डबा खाली ठेवला. "मासं?"

"अकरा राहिलेत."

"आनि वैनी?"

"सकाळपासून मला दोनदा विचारलंय, आज वार कुठला."

त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. मग म्हणाल्या, "धुतलासा."

"खंडेनवमी होती."

"आमच्या ह्यांनी बी तागडीला हार घातला. पर तागडीच धुतली हो." मग माझ्या तोंडाकडं न बघता त्या म्हणाल्या, "थंडी वाजली बगा त्याला."

मी मान खाली घातली. ऐकून घ्यायलाच आलो होतो. मॅडमनी सांगितलं होतं ते सगळं मी त्यांना सांगितलं, निम्म्या गाळाचंही.

"निम्मा दिला तर आमच्या ह्यांना वीस पानं हुतील."

"होय. सात-आठ दिवस. मग तुमचं पिंप पुन्हा भरेल, असं मॅडम म्हणतात."

"त्या म्हनत्यात. पिंपानं ऐकाय पायजे न्हवं." त्यांनी पदरानं हात पुसले. "ह्ये मी न्हाई ठरवायची. डोस्कं त्यांचं हाय."

दस्तगीर पुढच्या सोप्यात खाटेवर बसून लसूण सोलत होते. भाभींनी सगळं त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. त्यांनी हातातली लसणाची पाकळी सोलून खाली ठेवली. मला वाटलं, नाही म्हणतील, आणि म्हणाले असते तर मी पाया पडून निमूट परत गेलो असतो. माझ्या चुकीसाठी दुसऱ्याचा मेंदू मागायला मी कोण होतो?

"बायकुचं नाव काय तुमच्या?" त्यांनी विचारलं.

"शालन."

"तिला तुमचं नाव येतंय अजून?"

"आज येतंय. उद्याचं माहीत नाही."

"दे गं," ते भाभींना म्हणाले. "मी नाव इसरलो तरी तू वराडतीस त्यावरनं वळकीन."

भाभींनी गाळ काढताना मला जवळ येऊ दिलं नाही. स्वतःच कोपरापर्यंत हात घालून त्यांनी चकत्या आणि स्पंज बाहेर घेतले, टाकीच्याच पाण्यात भिजवलेल्या गोणपाटात बांधले. "वल्लं ऱ्हाऊ द्या आनि वारं लागू द्या," त्या म्हणाल्या. "दोनीतलं एक चुकलं तर मरतंय." मी रिक्षात ते गाठोडं मांडीवर घेऊन बसलो. काळं पाणी विजारीवर ठिबकत होतं, वास असा, की शेजारचा माणूस नाकाला रुमाल लावून पुढच्या थांब्यावर उतरला. मी गाठोड्याचं तोंड उघडून त्यावर पेपरानं वारा घालत होतो. आयुष्यात घाणीला इतकं जपलं नव्हतं.

गाळ पिंपात घातला आणि वाट बघायला लागलो. यंत्र बिघडलं तर त्याला हात घालता येतो. इथं हात घालायचाच नव्हता. मी दर तासाला पट्टी बुडवायचो आणि रंग बघून देवाला शिव्या द्यायचो, मग माफी मागायचो. साबण लावायचंही सोडलं, हातावरचं काही पाण्यात जाईल म्हणून.

शालन रोज थोडी थोडी जात होती. पहिल्या दिवशी वार विसरली. दुसऱ्या दिवशी भात चुलीवर ठेवून झोपली. तिसऱ्या दिवशी तिनं तिच्या मेलेल्या आईला हाका मारल्या. चौथ्या दिवशी मी तिला सिरप पाजताना तिनं माझा हात धरला आणि अगदी अदबीनं विचारलं, "दादा, तुमी पंपवालं न्हवं? पानी प्यायलासा का? आमचं मालक आजून कामावरनं यायचं हायती."

मी परड्यात जाऊन टाकीच्या काठाला डोकं टेकून रडलो. अकरा मासे वर येऊन बघत होते, खाणं टाकतोय की काय म्हणून.

त्याच दिवशी जैबूनभाभींचा फोन आला. दस्तगीर सकाळपासून उजवा हात आवरता येईना म्हणून रडत होते. मी म्हटलं, "भाभी, गाळ परत आणून देऊ?" आणि मनात म्हणत होतो, हो म्हणू नका. हेही खरं ते सांगतो.

"एकदा दिल्यालं परत घेत्यात व्हय?" त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सातव्या दिवशी दुपारी पान चिरडलं आणि पट्टी निळी झाली. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. कोवळ्या शेंड्याची तेवढी पानं भरली होती, खालची रिकामीच. एकूण बारा. चाळिसांच्या जागी बारा, पण मॅडम फोनवर ओरडल्या, "लगेच द्या काका, उद्या वाढतील, आज बारा द्या." मी पानं तोडली आणि पळत आत गेलो. घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

शालन भिंतीला टेकून बसली होती. मी ताटली पुढं केली.

"हे खा. चावून खा."

तिनं ताटली घेतली, पानांकडं बघितलं, आणि पदराखाली झाकली. "मालक आल्याव."

"शालन, मीच आहे. मी रावसाहेब."

"आसं म्हनू नये दादा," ती म्हणाली. "परक्या बाईला आसं म्हनू नये."

मी हात जोडले. मी ओरडलो. एक पान जबरदस्तीनं तिच्या ओठांशी नेलं, तर तिनं दात आवळले आणि अशी घाबरली, की माझं मलाच नको झालं. ती ताटली पोटाशी धरून कोपऱ्यात सरकली. तीन वाजून तेरा मिनिटं. तिच्या मांडीवर औषध होतं आणि ते दर मिनिटाला मरत होतं, आणि ती ते माझ्यासाठीच राखून बसली होती.

मग मला सुचलं. मी कपाट उघडलं. कंपनीचा निळा युनिफॉर्म तळाशी होता, डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारा. शर्टाची बटणं पोटावर लागेनात, तशीच ओढली. जेवणाचा रिकामा डबा घेतला, परड्याच्या दारानं बाहेर पडलो, बोळातून वळसा घालून पुढच्या दाराशी आलो. गल्लीतल्या बायका बघत होत्या. मी उंबऱ्यावर चपला काढल्या, त्याही रोज काढायचो तशा आवाज करून, आणि डबा कट्ट्यावर ठेवला.

"आलो गं," मी म्हटलं.

ती उठली. सात दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून उठली, भिंतीला धरून. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही, शर्टाकडं बघितलं. "उशीर केलासा," ती म्हणाली. "बसा."

मी ताटावर बसलो. तिनं पदराखालची ताटली काढली आणि बाराही पानं माझ्या ताटात वाढली. स्वतःला एक ठेवलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. ती समोर बसून बघत राहिली. मी एक पान उचललं, तोंडात घातलं आणि चावलं.

"बास," मी म्हटलं. "पोट भरलं."

"एवड्यात?"

"कॅन्टीनला खाल्लंय मी. तू खा आता."

तिनं ताट स्वतःकडं ओढलं. एकेक पान उचलून ती नीट चावून खाऊ लागली, मान खाली घालून, बायका शेवटी बसून खातात तसं. अकरा पानं. तीन वाजून सव्वीस मिनिटांनी ताट रिकामं झालं. मी तिच्यासमोर तसाच बसून राहिलो, शर्टाचं एक बटण तुटून कुठंतरी गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी एकोणीस पानं निळी झाली. मी पानं तोडून ताटलीत तिच्या हाती द्यायचो, पंपवाला म्हणून. मग युनिफॉर्म चढवून, बोळातून पळत, पुढच्या दारानं नवरा म्हणून यायचो. तिसऱ्या दिवशी सव्वीस. गल्लीत मला वेड लागलं असं ठरलं. जैबूनभाभींचा फोन आला, त्यांची पानं चाळिसावर आली होती. दस्तगीर त्यांना नावानं हाक मारत होते, पण उजव्या हाताची थरथर काही गेली नाही. ती आता राहील, असं मॅडम म्हणाल्या. मी दर रविवारी वडणग्याला जातो आणि त्यांचा लसूण सोलून देतो. दुसरं काय करू, मला कळत नाही.

पानं भरू लागल्यापासून नवव्या दिवशी साडेतीनला मी दारात आलो, चपला काढल्या, डबा कट्ट्यावर ठेवला. शालन चुलीपाशी होती. तिनं वळून मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"ह्ये काय सोंग?" ती म्हणाली. "रिटायर हून दोन वर्सं झाली तुमाला. आनि पोट बगा, बटनं लागतायत का?"

मी उंबऱ्यातच बसलो. तिला सगळं सांगितलं, पिंप घासल्यापासून दस्तगीरच्या हातापर्यंत, काही न लपवता. ती ऐकत होती. मधे एकदा तिनं डोळे मिटले, आणि मला वाटलं, आता ती मला काय बोलेल ते बोलू दे, मी ऐकून घेईन.

तिनं माझा हात घेऊन नाकाशी नेला. गाळाचा वास होता. तिनं तो धुवायला सांगितलं नाही.

उठून मी परड्यातून चाळीस ताजी पानं तोडून आणली, ती तिच्या पुढ्यात ठेवली. "आज आधी तू खा," मी म्हटलं. "एक दिवस तरी."

तिनं ताटली उचलली, पानांकडं बघितलं, मग ताटाजवळच्या रिकाम्या पाटाकडं.

"तुमी बसा आदी," ती म्हणाली.

मी बसलो.